घरी परतलेल्या हृदयाचे पुढे काय?

हृदय निकामी होणे म्हणजे हृदय बंद पडणे, असा समज सुशिक्षित कुटुंबांतही आढळतो. वास्तविक ‘हार्ट फेल्युअर’मध्ये हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती उणावते. पायांवर सूज चढते, चार पावलांत धाप लागते, रात्री उताणे झोपवत नाही. औषधांनी सूज उतरते, रुग्ण घरी परततो आणि घरची माणसे मायेपोटी त्याला खाटेवरून हलू देत नाहीत. स्नायू झिजतात, धाप वाढते, मन खचते.

संपूर्ण विश्रांती हाच उपाय, असे एकेकाळी वैद्यकशास्त्रही मानत असे. बोस्टनचे डॉ. लेव्हिन आणि डॉ. लाऊन यांनी १९५२ च्या सुमारास हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला खुर्चीत बसवण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना विरोधच झाला. पुढे २००९ साली हार्ट फेल्युअरच्या २,३३१ रुग्णांवरील ‘एचएफ-अ‍ॅक्शन’ अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखालील व्यायामाने आयुष्य हमखास वाढते, असे त्याने सिद्ध केले नाही. परंतु असा व्यायाम सुरक्षित आहे आणि त्याने जीवनमान काहीसे सुधारते, हे दाखवले. बेताचा व्यायाम, औषधांचे सातत्य, आहार आणि मानसिक आधार यांच्या या मेळालाच हृदय-पुनर्वसन म्हणतात.

आता अहेरीच्या रुग्णाने हे कोठे शोधावे? गावात उपजिल्हा रुग्णालय आहे. पण जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर आणि नागपूर त्याच्याही पुढे. पुनर्वसन केंद्रात आठवड्यातून दोन-तीनदा जावे लागते. एकेका फेरीत मजुरी बुडते, सोबत्याचाही दिवस जातो. पावसाळ्यात नाले भरले की भामरागडकडची वाटच खुंटते. अशा रुग्णाला ‘केंद्रात या’ म्हणणे म्हणजे उपचार नाकारणेच नव्हे काय?

वाट दाखवणारे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघरी सेवा उभी केली. बालमृत्यू घटले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने त्याची नोंद घेतली. जे नवजात बालकासाठी साधले, ते हृदयरुग्णासाठी का साधू नये? योगाधारित पुनर्वसनाचा ‘योगा-केअर’ अभ्यासही आपल्याच देशातील २४ रुग्णालयांत, ३,९५९ रुग्णांवर झाला. ते रुग्ण झटक्यातून सावरणारे होते. पुढील झटके वा मृत्यू निश्चित कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र रुग्णांना अधिक बरे वाटू लागले आणि ते नित्याच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले.

त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. प्रकृती स्थिरावल्यावर घरी सोडण्यापूर्वी डॉक्टरांनी रुग्णाला सहा मिनिटे चालवून पाहावे आणि रोज किती चालायचे ते कागदावर मराठीत लिहून द्यावे. चालताना दोन वाक्ये बोलता येतील इतकाच वेग असावा. छातीत दुखले, घेरी आली वा बसल्याजागी धाप लागली, तर थांबून तत्काळ डॉक्टर गाठावा. रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती शरीरात पाणी साठल्याची खूण समजावी. लोणचे आणि खारवलेली मासळी ताटातून कमी करावी. बरे वाटले म्हणून औषध बंद करू नये.

ही पाहणी आशा कार्यकर्ती आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी करू शकतात. शासनाने त्यांना तसे प्रशिक्षण, वजनकाटा आणि डॉक्टरांशी दूरध्वनीची सोय द्यावी. त्यासाठी नव्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही.

समाजाचाही यात वाटा आहे. धास्तावलेल्या रुग्णाला एकट्याने घराबाहेर पडणे जड जाते. शेजारच्या तरुणाने सकाळची वीस मिनिटे त्याच्यासोबत चालावे, चुकलेल्या गोळीची आठवण करून द्यावी. सेवाकार्य शोधत दूर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्याच आळीत असा रुग्ण कोण आहे, ते आधी पाहावे.