पोहता येतं, एवढ्यावर भागत नाही

मालवणहून गोव्याला शिडाच्या छोट्या बोटीनं जायचंय म्हटलं, की कोल्हापुरात "येतोय की, भावा!" म्हणणारे ढिगानं भेटतात. सगळे पट्टीचे पोहणारे, पंचगंगेच्या पुरात उड्या मारलेले. (पुरात उडी मारणारा तर मला मुळीच नको.) रात्री दोन वाजता ओकारी आवरून सुकाणू धरणारा हवा, न कुरकुरता भांडी घासणारा हवा. 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून नौदलातल्या सहा अधिकारी महिलांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती आधी एकत्र कसून सराव करून. १८१२ पर्यंत मालवण करवीरकर छत्रपतींकडे होतं, म्हणून काही आपल्या कोल्हापूरकरांच्या अंगात दर्या येत नाही. माणूस आधी दोन दिवस किनाऱ्यालगत फिरवून बघावा. ओकूनही पुन्हा चढला, तर घ्यावा.