निळी ज्योत म्हणजे चांगली दारू?

"डॉक्टर, आम्ही काडी लावून बघतो. निळी पेटली की माल चांगला." कापूरहोळच्या आसपास आजही हे ठामपणे सांगणारे भेटतात. साफ खोटं आहे!

पिण्याच्या दारूतलं इथेनॉल आणि कारखान्यात वापरायचं मिथेनॉल, दोन्ही पाण्यासारखे रंगहीन. दोन्हींची घनता ०.७९ च्या आसपास. दोन्ही निळ्या ज्योतीनेच जळतात. वास-चवीवरूनही भरवसा नाही. उत्कलनबिंदू तेवढा वेगळा, ७८ आणि ६५ अंश. पण भेसळीच्या दारूत तो मोजूनही घरी काही कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांची मला चीड येते. तो ग्लास समोर ठेवला तर मी एमडी असूनही ओळखू शकणार नाही. मिथेनॉलला कारखान्यातच रंग आणि कडू चव देण्याची सक्ती का नको?

मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं. त्रास बऱ्याचदा बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो, त्यामुळे "सकाळी तर ठीक होता" यावर विसंबू नका. डोळ्यांपुढे धुकं, पोटदुखी, धाप यांतलं काही दिसलं तर लिंबूपाणी पाजत बसू नका. डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठा. उरलेली बाटलीही सोबत न्या.