‘नर्सिंगला आहे’ हे मोठ्याने सांगा!

मुलगी इंजिनिअरिंगला गेली की आई पेढे वाटते. डॉक्टर झाली तर चौकात फ्लेक्स लागतो. आणि नर्सिंगला गेली तर? ‘पुण्याला शिकायला आहे,’ एवढंच सांगतात आपल्याकडे. कशाला, ते समोरच्याने खोदून विचारलं तरच. वर लगेच पुस्ती जोडायची, ‘मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला हो!’

मैत्रिणींनो, आपण आवाज खाली का आणतो? आपलंच माणूस आयसीयूत असतं तेव्हा आपण देवाच्या खालोखाल सिस्टरचीच वाट बघत असतो. मग आपली मुलगी सिस्टर होणार म्हटलं की कपाळाला आठी का?

हा प्रश्न माझ्या घरातच येऊन बसला. गावाकडच्या माझ्या चुलतभावाची मुलगी बारावी झाली. सायन्स, मार्क बरे. तिला नर्सिंगला जायचं होतं. भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, लोकांची घाण काढायला शिकवायची का पोरीला? आणि रात्रपाळ्या! उद्या स्थळं कशी यायची?” वहिनी मागून काहीच बोलत नव्हती. न बोलणाऱ्या वहिनीची काळजी मला जास्त वाटली.

मी राहते कोथरूडला. इथे गल्लोगल्ली कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुली आहेत. सकाळी साडेसहाला बसस्टॉपवर कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, जाळीत बांधलेला अंबाडा आणि हातात जाडजूड जर्नल घेऊन उभ्या असतात, त्या नर्सिंगच्या. आमच्या इमारतीत अशा चौघी राहतात, वेगवेगळ्या कॉलेजांच्या. म्हटलं, नातेवाइकांची मतं ऐकण्यापेक्षा शिकणाऱ्यांनाच विचारावं. भाचीला पुण्याला बोलावून घेतलं आणि रविवारी चौघींना पोहे खायला. तीन तास बसल्या. मी फक्त चहा करत होते आणि ऐकत होते.

सोलापूरकडची म्हणाली, “काकू, पहिल्यांदा ड्रेसिंग बघताना मला चक्करच आली. वाटलं, झालं, आता बॅग भरायची. पण वॉर्डातल्या सिस्टरने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, आम्ही सगळ्या अशाच पडलोय. महिन्याभरात तेच ड्रेसिंग करून, हात धुऊन, मी डबा खायला लागले.”

दुसरी नांदेडची. मराठी माध्यमातली. तिला रक्ताची नाही, इंग्रजीची भीती होती. “अॅनाटॉमीचं पुस्तक उघडलं आणि रडले. मग प्रत्येक शब्दावर पेन्सिलने मराठी अर्थ लिहीत गेले. पहिल्या सहा महिन्यांत पुस्तक काळं झालं. दुसऱ्या वर्षी पेन्सिल लागली नाही.” भाची हे डोळे मोठे करून ऐकत होती. तिचीही शाळा मराठीच.

मग मीच तो अवघड विषय काढला. बेडपॅन, पुरुष पेशंट, हे सगळं? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग साताऱ्याची मुलगी म्हणाली, “पहिल्यांदा लाज वाटली. मला आणि त्या आजोबांनाही. आम्हाला शिकवलेलं असतं, की पडदा ओढायचा, लागेल तेवढंच अंग उघडं करायचं, आधी सांगायचं आणि मगच हात लावायचा. मी तसंच केलं. झाल्यावर आजोबा म्हणाले, माझ्या सुनेलाही मी हे करू दिलं नसतं. त्या दिवसापासून मला ती घाण वाटत नाही. त्यांची लाज राखणं हेच माझं काम आहे, असं वाटतं.”

लाज राखणं! भावाच्या ‘घाण काढणं’ला याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं.

चौथी शेवटच्या वर्षाला. तिने स्वतःच्या हातांनी केलेल्या पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं. “बाळ रडेपर्यंत माझा श्वास अडकला होता,” म्हणाली. आणि पहिल्या मृत्यूचंही. पेशंट गेल्यावर त्याचं अंग पुसून, हातपाय सरळ करून, चादर नीट घालून मगच नातेवाइकांना आत बोलवायचं, हेही शिकवतात. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ड्युटीला वेळेवर हजर होती.

ऐकताना माझ्या एक लक्षात आलं. आपल्याला वाटतं, नर्स म्हणजे डॉक्टर सांगतील ते करणारी बाई. पण औषध देताना योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, या पाच गोष्टी दर वेळी तपासायच्या, हे या मुलींच्या अंगात भिनवलेलं असतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाही तर पाठीला जखमा होतात. आकडे कमीजास्त झाले, श्वास बदलला, तर सर्वांत आधी तिच्याच लक्षात यायला हवं. ही केवळ माया नाही, ही विद्या आहे.

त्या विद्येचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत. मे २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून जास्त काळ, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. घटना घडली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या अशा मुलींनी त्यांना भरवलं, न्हाऊमाखू घातलं. इतकी वर्षं अंथरुणात असूनही अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत, याचं कौतुक सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात केलं. ही गोष्ट दोन्ही अंगांनी लक्षात ठेवावी. या कामात मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न खराच आहे, तो झटकून टाकू नये. आणि शुश्रूषा म्हणजे काय, हेही याच गोष्टीतून कळतं.

अलीकडचं सांगायचं तर मार्च २०२० आठवा. महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि महापालिकेच्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. आपण दारं लावून बसलो होतो, तेव्हा तिथल्या सिस्टर आत जात होत्या. आपण बाल्कनीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. थाळी वाजवणं सोपं आहे हो. त्याच घरातून मुलीला नर्सिंगला पाठवणं अवघड जातं!

आणि कोथरूडकरांनी तरी नाक मुरडू नये. आमच्या शेजारचं कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. विधवांसाठी १८९६ मध्ये काढलेला आश्रम धोंडो केशव कर्व्यांनी १९०० मध्ये इथल्या माळावर झोपडी बांधून आणला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, स्वतः विधवा होत्या. १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह झाला. या बायांनी संसार असताना नागपूरला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेतलं. आपल्या पायावर उभं राहता यावं म्हणून! आज त्यांच्याच संस्थेचं नर्सिंग कॉलेज कर्वेनगरात आहे. पलीकडे पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने, १९०९ नंतरच्या त्या काळात, बायकांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली. तेव्हाही लोक म्हणालेच, परक्या पुरुषांना हात लावणार का? शंभर वर्षं उलटली. प्रश्न तोच आहे, विचारणारे तेवढे बदलले.

आता गोडगोड बोलून मी तुम्हाला फसवणार नाही. चौघींनी तक्रारीही सांगितल्या. पाय सुजतात. रात्रपाळीनंतर झोप लागत नाही. एका वॉर्डात जेवढ्या सिस्टर हव्यात तेवढ्या नसतात, मग एकीवर दोघींचं काम पडतं. अनेक छोट्या खासगी रुग्णालयांत पगार कामाच्या मानाने फार कमी असतो. हे बदलायला हवं. पण जिथे चांगल्या घरच्या लोकांनी मुली पाठवायच्याच नाहीत असं ठरवलं, तिथे पगारासाठी भांडणार कोण? केरळमधल्या कितीतरी घरांनी मुलींना नर्स केलं आणि अभिमानाने सांगितलं. त्या मुली आखातात गेल्या, इंग्लंडला गेल्या, घरं उभी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि तरीही ५८ लाख कमी पडतात. परदेश सोडा. तुमच्या तालुक्याच्या गावी तरी शिकलेल्या सिस्टर पुरेशा आहेत का?

मात्र एका बाबतीत डोळे उघडे ठेवा. साताऱ्याच्या मुलीची दोन वर्षं फुकट गेली होती. गावाजवळच्या एका संस्थेने ‘नर्सिंग कोर्स, नोकरीची हमी’ अशी जाहिरात केली. आईने सोनं गहाण ठेवून फी भरली. सर्टिफिकेट हातात आलं, पण नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणीच होईना, कारण त्या कोर्सला मान्यताच नव्हती. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सांगताना तिचा आवाज शांत होता. आईच्या पाटल्यांचं नाव निघालं तेव्हा तेवढा कापला.

म्हणून हे कात्रण कापून ठेवा. नर्सिंगचे मुख्य रस्ते तीन. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. तिन्हींना बारावी लागते. बी.एस्सी.साठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हवं आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. जीएनएम आर्ट्स-कॉमर्सवाल्या मुलींनाही करता येतं आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवीही घेता येते. दहावीनंतर सहा महिन्यांत ‘नर्स’ करून देतो म्हणणारा मदतनीस तयार करतो, नर्स नव्हे. मदतनिसाचं कामही कष्टाचं आणि मानाचं आहे, पण नाव एकाचं आणि शिक्षण दुसऱ्याचं, ही फसवणूक झाली.

फी भरण्याआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि भारतीय परिचर्या परिषद यांच्या यादीत कॉलेजचं नाव आहे का, ते बघा. सायबर कॅफेत नेऊन मुलीलाच बघायला सांगा. मुली कोणत्या रुग्णालयात प्रॅक्टिकलला जातात, तिथे खाटा किती, रात्रपाळीला ने-आण कोण करतं, हॉस्टेलला वॉर्डन आहे का, हे तोंडावर विचारा. तपासणीसाठी मूळ कागद दाखवायचेच, पण पोच घेतल्याशिवाय कुणाच्या हातात सोडून येऊ नका. पैशांचंही विचारा. २०२४ मध्ये राज्य सरकारने आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात फीची पूर्ण सवलत देण्याचा निर्णय घेतला. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. आपल्या कॉलेजला काय लागू पडतं, ते प्रवेशाआधीच लेखी घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गेटबाहेर थांबून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी बोला. माहितीपुस्तिकेत नसतं ते त्या सांगतील.

भाचीचं म्हणाल, तर तिने सीईटीचा अभ्यास सुरू केला आहे. भाऊ अजून पूर्ण राजी नाही. पण नांदेडच्या मुलीने फोनवर त्याला एवढंच सांगितलं, “काका, गेल्या दिवाळीत माझ्या वडिलांची शुगर एकदम खाली गेली होती. घरात मी एकटीच घाबरले नव्हते.” त्यावर तो काही बोलला नाही. चार दिवसांनी वहिनीचा फोन आला, की हॉस्टेल बघायला कधी यायचं? या वेळी बोलत होती ती वहिनी!

सगळ्याच मुलींनी नर्स व्हावं, असं माझं म्हणणं नाही. जिला रुग्णाजवळ थांबवत नाही, तिने जाऊच नये. आणि मेडिकल हुकलं म्हणून रडत-रखडत तर मुळीच नाही, कारण हे दुसऱ्या नंबरचं डॉक्टर होणं नव्हे. हे वेगळं शिक्षण आहे, वेगळ्या स्वभावाचं. पण जिला मनापासून जायचंय, तिची वाट लोक काय म्हणतील म्हणून अडवू नका. हळदीकुंकवाला कुणी विचारलं, ‘मुलगी काय करते गं?’ तर तबक खाली ठेवा, मान वर करा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, ‘नर्सिंगला आहे!’