ढोल ऐकायला किती वॉट लागतात?



शिमग्यात रत्नागिरीच्या भैरीची पालखी नाचताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ढोलाचा ठोका कानाला ऐकू येतोच, पण तो छातीतही जाणवतो. गणपतीच्या दिवसांत जाखडीच्या फेऱ्यात मृदंग, झांज आणि पायांतले चाळ एकदम वाजू लागले की तोच अनुभव येतो. हेच संगीत घरी हेडफोनवर ऐकले, की पुष्कळदा फुसके वाटते. मग मनात येते, आपल्याला जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे प्रवर्धक हवा. माझे मत असे, की बहुतेकांना तो नको आहे. का ते सांगतो.

दहावीतला एक मुलगा हाच विचार घेऊन माझ्याकडे आला होता. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून त्याने सहा हजार रुपये साठवले होते आणि ते सगळे एका हजार मिलिवॉटच्या प्रवर्धकावर घालायला तो निघाला होता. मी म्हटले, "आधी हिशेब करू, मग दुकानात जाऊ."

त्याच्या हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे होते. संरोध ३२ ओहम आणि संवेदनशीलता १ मिलिवॉटला १०० डेसिबल. डेसिबलचा नियम सोपा आहे. शक्ती दसपट केली की पातळी १० डेसिबलने वाढते, शंभरपट केली की २० डेसिबलने. आता सरासरी ८० डेसिबलवर गाणे ऐकायचे, तर त्याला लागते एक शतांश मिलिवॉट! ढोलाची थाप सरासरीपेक्षा क्षणभर २० डेसिबल उसळली असे धरा. त्या क्षणाला लागतो १ मिलिवॉट. मग हजार मिलिवॉट काय करतील? पातळी १३० डेसिबलवर नेतील, आणि तेथे कानात वेदना होतात.

सावधगिरी म्हणून शिखर ११० डेसिबलचे धरू. त्यासाठी १० मिलिवॉट हवेत. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, हे तुम्ही शाळेत शिकता. त्यावरून व्होल्टेज काढा; ते सुमारे ०.५७ व्होल्ट येते. मोबाइलच्या हेडफोनच्या खाचेतून किंवा छोट्या जोडणीतून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. म्हणजे काम भागले.

प्रवर्धक कधीच लागत नाही, असे मात्र नाही. ३०० ओहमचा, १ मिलिवॉटला ९७ डेसिबल देणारा हेडफोन घ्या. त्याच शिखरासाठी त्याला २० मिलिवॉट, म्हणजे जवळजवळ अडीच व्होल्ट लागतात. मोबाइल तेथे कमी पडतो, आवाज वाढवू गेलात तर लहरीचे माथे छाटले जातात आणि थाप चिरकते. अशा वेळी प्रवर्धक घ्यावा. पण त्याचे वॉट पाहण्याआधी त्याचा स्वतःचा संरोध पाहावा. तो हेडफोनच्या संरोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. नाहीतर काही हेडफोनांत निरनिराळ्या वारंवारतांना कमीजास्त व्होल्टेज मिळून आवाजाचा तोल बिघडतो. बिनतारी हेडफोनला तर प्रवर्धक आतच असतो; बाहेरचा व्यर्थ.

खोके वाचताना एक फसगत टाळा. काही जण संवेदनशीलता १ मिलिवॉटला देतात, तर काही १ व्होल्टला. ३२ ओहमचा एकच हेडफोन पहिल्या रीतीने १००, तर दुसऱ्या रीतीने ११५ डेसिबलचा दिसतो.

मग त्या मुलाचा ढोल फुसका का वाजत होता? मी त्याला हेडफोन कानांवर हातांनी दाबून धरायला सांगितले. तो चमकलाच. घुमारा परत आला होता! आपल्या दमट हवेत त्याच्या कानगाद्यांचे कातडे सोलून गेले होते आणि फटींतून हवा निसटत होती. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये खालचे स्वर टिकतात ते कानाभोवतीची पोकळी नीट बंद असते म्हणून. फट पडली, की पडदा हवा दाबतो आणि ती बाहेर पळते. चष्म्याच्या काडीनेही हेच होते. हा प्रयोग तुम्ही आजच करून पाहा.

म्हणून माझा सल्ला असा. मध्यम किमतीत पैसा प्रथम हेडफोनवर घाला. कानगादी आणि तार बदलता येतील असाच निवडा. घरात माणसे असतील तर बंद पाठीचा बरा, कारण उघड्या पाठीचा आवाज बाहेर सांडतो. नुसता 'बास' फुगवणारा टाळा. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये आपल्या सहकाऱ्यासह दाखवून दिले, की मृदंग-तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे त्यांचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. म्हणूनच ही चर्मवाद्ये सुरात लागतात. फुगवलेला बास नेमके हेच वरचे स्वर झाकून टाकतो.

शेवटची गोष्ट कानाची. आवाज फुसका वाटला, की आपण तो वाढवतो. दोष गादीचा आणि शिक्षा कानाला! प्रत्येक कानाच्या शंखात केसाळ पेशी असतात अवघ्या पंधरा हजारांच्या आसपास, आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर केलेल्या शिफारशीनुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. मुलांसाठी ७५ डेसिबल. पातळी ९० झाली, की मोठ्यांचे ४० तास ४ वर येतात. कोणताही प्रवर्धक हा हिशेब बदलू शकत नाही.

त्या मुलाने नव्या गाद्या मागवल्या. उरलेल्या पैशांचे काय करणार, असे विचारले, तर म्हणाला, "सर, यंदा जाखडीला मृदंग शिकायला जाणार आहे."