शब्दबोध : मोडीत काढणे



मागच्या रविवारी आमच्या मांजरीत शेजारच्या काकूंनी सासूबाईंच्या वेळचा तांब्याचा हंडा विकायला काढला. बूड झिजलेले, पाणी ठरत नव्हते. सोबतीला आम्ही होतो. दुकानदाराने हंडा काट्यावर ठेवला आणि मोडीचा भाव सांगितला. काकू म्हणाल्या, "अहो, हाताने घडवलेला हंडा आहे!" तो म्हणाला, "मावशी, मोडीत घडणावळ धरत नाहीत."

आजचा शब्द आम्हाला तिथेच मिळाला. मोड म्हणजे धातूची फुटकी-जुनी भांडी. मूळ 'मोडणे' या क्रियापदात. प्राकृतातही 'मोडइ' म्हणजे मोडतो. भांडे मोडीत घालायचे म्हणजे त्याचा आकार विसरून नुसत्या धातूची किंमत घ्यायची. पुढे हा शब्द भांड्यांपुरता राहिला नाही. काळाबरोबर निकामी झालेला कायदा, रीत, विचार, सारेच 'मोडीत निघू' लागले.

पण झिजलेले भांडे आपल्या पायांनी मोडीत जात नाही; कुणीतरी उचलून न्यावे लागते. महार वतनाचेच पाहा. पिढीजात हक्क म्हणून जे मिरवले, त्याच वतनाने आपल्या वाडवडिलांना रात्रंदिवस गावकीला जुंपले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. ते तडीस गेले नाही. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने मोडीत निघाली. मध्ये तीस वर्षे गेली.

तथागतांनी कालामांना सांगितले होते, केवळ परंपरेने चालत आले म्हणून काही मानू नका. स्वतः पारखा, अहिताचे दिसले तर सोडून द्या.

काकूंना पैसे हवे होते ते नातीच्या लग्नासाठी. मुलगा नोकरीचा, निर्व्यसनी, पोरीला पसंत. अडले कुठे, तर पत्रिकेत गुण जुळत नाहीत! भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्याखाली पत्रिकेचा कागद.

आम्ही म्हणालो, "काकू, हंड्याने निदान चाळीस वर्षे पाणी पाजले. या कागदाने काय दिले?"

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग नातीला म्हणाल्या, "त्या पोराच्या आईला बोलावून घे."

भगिनींनो, बंधूंनो, आपल्याही घरातले एकेक भांडे उलटे करून बघा. गळते कोणते, ते पाणी भरल्यावरच कळते.