दुधाची पारख आणि मोटारीची

आरे कॉलनीतून जाणारा दिनकरराव देसाई मार्ग हा गोरेगावाहून मरोळ-पवईकडे जाण्याचा जवळचा रस्ता. पावसाळ्यात त्यावर खड्डे पडले की उपनगरांतील लहान मोटारींची परीक्षा, कोणी न योजता, तेथे पार पडत असते. कोणत्या गाडीचा क्लच चढावावर दगा देतो, कोणती साचलेल्या पाण्यातून गेल्यावर बंद पडते, कोणत्या गाडीचे निलंबन दोन पावसाळ्यांत खिळखिळे होते, हे या वाटेने रोज जाणाऱ्या चालकांना आणि गॅरेजमधील मेकॅनिकांना नेमके ठाऊक असते. परंतु कर्ज काढून पहिलीच गाडी घ्यावयास निघालेल्या शिक्षकाला अथवा कारकुनाला हे ज्ञान उपलब्ध नसते. त्याच्या हाती येते ते जाहिरातीतील वाक्य, विक्रेत्याचे आश्वासन आणि मेहुण्याचा सल्ला. घराखालोखाल आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी तो एवढ्या शिदोरीवर करतो.

मोटारवाल्याच्या अडचणींची चिंता समाजवाद्यांनी कशासाठी वाहावी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. तो रास्त आहे. शहराचा खरा प्रश्न बस आणि लोकल यांचाच आहे आणि ज्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी 2019 साली रातोरात झाडे तोडण्यात आली, तेथे तर वाहतुकीचा विचार झाडांना वगळून करताच येणार नाही. तथापि स्वस्त मोटार घेणारा मनुष्य आता धनिक राहिलेला नाही. आजारी वडिलांना रुग्णालयात नेण्यासाठी, आडवेळी संपणाऱ्या पाळीवरून घरी येण्यासाठी, पुष्कळदा गाडी भाड्याने चालवून पोट भरण्यासाठी तो हप्ते भरीत असतो. श्रीमंताची गाडी बिघडली तर तो दुसरी काढतो. याची बिघडली की त्या महिन्याचे अंदाजपत्रक कोसळते.

आरे कॉलनीचा उल्लेख येथे केवळ रस्त्यापुरता केलेला नाही. ग्राहकाला स्वतः पारखता न येणाऱ्या वस्तूची पारख समाजाने त्याच्या वतीने करावी, या कल्पनेचा मुंबईतील एक मोठा प्रयोग याच भूमीवर झाला. 1949 साली मुंबई सरकारने शहरातील गलिच्छ गोठ्यांतून म्हशी हलवून आरे दुग्धवसाहत उभारण्यास प्रारंभ केला. दुधात पाणी किती हे गृहिणीला डोळ्यांनी कळत नसे आणि गवळ्यावर विश्वास ठेवण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. दारा खुरोडी यांच्या योजनेचे वैशिष्ट्य असे की म्हशी खासगी मालकांच्याच राहिल्या. सरकारने हाती घेतली ती जागा, संकलन, प्रक्रिया आणि तपासणी. मोहोरबंद बाटलीतून जे घरोघर पोचे ते दूध तर होतेच, पण त्या दुधाबद्दलची खात्रीही होती. ती योजना पुढे रोडावली, त्याची कारणे निराळी आहेत. पण खात्री ही सार्वजनिक सेवा होऊ शकते, हे तिने दाखवून दिले.

अर्थशास्त्रात हाच विषय 1970 साली जॉर्ज अकरलॉफ यांनी एका छोट्या निबंधात मांडला, आणि तोही जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणे परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते आणि वाईट तेवढ्या उरतात. 2001 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पाणी घातलेल्या दुधाच्या बाजारात प्रामाणिक गवळी का टिकत नाही, हे आपल्या आजीला ठाऊक होते, एवढेच. नव्या मोटारीच्या बाबतीतही हे अज्ञान फारसे कमी नसते, कारण पाचव्या वर्षी ती कशी वागेल हे ज्याने ती पाच वर्षे वापरली त्यालाच माहीत असते.

आपल्या मोटारींचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून 1964 पासून फियाटचे जे मॉडेल निघू लागले, तेच 1974 नंतर 'पद्मिनी' या नावाने, किरकोळ फेरफारांनिशी, शतक संपेपर्यंत विकले गेले. परवानाराज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे आणि मिळालेली गाडी तत्काळ 'ऑन' घेऊन विकता येई. अशा बाजारात दोषाची तक्रार करणार कोण? उन्हाळ्यात इंधननळीत वाफ कोंडून गाडी थांबली की पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनातल्या, ओले फडके ठेवण्याची युक्ती प्रत्येक मालकाला अवगत होती. तरीही पद्मिनी विश्वासू म्हणून नावाजली गेली, मुंबईची टॅक्सी झाली आणि 2003 मध्ये नोंदलेली शेवटची टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. या विश्वासार्हतेचे श्रेय यंत्राइतकेच कुर्ला, भायखळा, अंधेरी येथील मेकॅनिकांकडे जाते. गाडी बिघडत असे, पण कोणत्याही नाक्यावर ती उघडता येई व सुट्या भागांची किंमत आवाक्यात असे. कारखान्याची उणीव असंघटित कारागिराने भरून काढली आणि त्याचा मोबदला ग्राहकाने वेगळा मोजला.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली तेव्हा चित्र पालटले. सकाळी किल्ली फिरवताच गाडी सुरू होणे ही गोष्ट नवलाची राहिली नाही. यात जपानी तंत्राचा वाटा मोठा होता हे खरे, परंतु त्या कंपनीत तेव्हा बहुसंख्य भांडवल सरकारचे होते, हे खासगीकरणाचे भाट सोयीस्करपणे विसरतात.

नॅनोचा अनुभव मात्र विषण्ण करणारा आहे. स्कूटरवर भिजत जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला छप्पर मिळावे, हा तिच्यामागील रतन टाटांचा हेतू निःसंशय उदात्त होता. 2009 च्या मार्चमध्ये मुंबईत ती बाजारात आली. वर्षभरातच, 2010 च्या मार्चमध्ये, विक्रेत्याकडून घरी नेली जात असलेली एक कोरी नॅनो मुलुंडमध्ये पेटली. आतील कुटुंब सुदैवाने बचावले. इतरत्रही तसे प्रकार घडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने धूरनळी व विजेच्या जोडणीला जादा संरक्षण विनामूल्य बसवून देऊ केले, पण ही गाड्या परत बोलावण्याची कारवाई नव्हे, असेही बजावले. त्या महिन्यात देशभरात अवघ्या 509 नॅनो विकल्या गेल्या. 2018 मध्ये उत्पादन थांबले. गाडी मुळातच सदोष होती की काही नगच, याचा निवाडा ग्राहकापुढे झालाच नाही, कारण तो करू शकेल अशी स्वतंत्र यंत्रणा तेव्हा देशात नव्हती. चौकशी कंपनीची, निष्कर्ष कंपनीचा आणि उपायही कंपनीचाच. ग्राहकाने आपला निर्णय अफवेवर घेतला व ज्यांनी आधीच गाडी घेतली होती त्यांच्या गाडीची पुनर्विक्रीची किंमत त्याबरोबर वाहून गेली.

2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला दिला. 2021 च्या एप्रिलपासून नियम लागू झाले आणि दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडाची तरतूदही आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु त्याचा रोख सुरक्षेला बाधक दोषांवर आहे. चौथ्या वर्षी गिअरबॉक्स निकामी होणे, दर पावसाळ्यात विजेच्या जोडण्या गंजणे, या रोजच्या छळाला त्यात स्थान नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाचे दार ठोठवावे लागते आणि तेथे प्रत्येक मालक एकटा असतो. आपल्यासारखे शेकडो आहेत, हे त्याला सिद्ध करता येत नाही.

वस्तुतः माहितीचा दुष्काळ नाहीच. अधिकृत सेवाकेंद्रांतील प्रत्येक दुरुस्तीची नोंद संगणकावर होते, पण ती कंपनीची मालमत्ता मानली जाते. जर्मनीत प्रत्येक खासगी गाडीची तिसऱ्या वर्षी व त्यानंतर दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते आणि कोणत्या मॉडेलमध्ये किती दोष आढळले याचा अहवाल तपासणी संस्था दरवर्षी प्रसिद्ध करतात. अमेरिकेत 1936 साली स्थापन झालेली ग्राहकसंस्था सभासदांचे अनुभव गोळा करून विश्वासार्हतेचे तक्ते छापते आणि मोटारकंपन्यांची जाहिरात घेत नाही. आपल्याकडे खासगी गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षे होईपर्यंत प्रदूषणाच्या दाखल्यापलीकडे तिला कोणी हात लावीत नाही.

परंतु टॅक्सीला लावतात. भाड्याच्या गाड्यांना योग्यता-प्रमाणपत्रासाठी ठरावीक काळाने तपासणीस जावेच लागते आणि ॲपवरच्या भाड्याला धावणारी लहान मोटार ही पुष्कळदा शेजाऱ्याने कुटुंबासाठी घेतलेल्या गाडीचीच बहीण असते. अंधेरी आणि बोरिवलीच्या परिवहन कार्यालयांत हे निकाल साठत असतात. ते मॉडेलवार व वयोमानानुसार, मालकाचे नाव वगळून, वर्षातून एकदा मराठीत प्रसिद्ध करण्यास नवा कायदा लागणार नाही. दुसरे पाऊल सेवाकेंद्रांच्या नोंदींचे. ज्या कंपनीला या राज्यात गाडी विकावयाची आहे तिने मोठ्या दुरुस्त्यांची आकडेवारी सादर करावी, असा नियम केंद्राकडून करून घेण्यासाठी महाराष्ट्र सरकारने आग्रह धरला पाहिजे. कंपन्या व्यापारी गुपिताची सबब पुढे करतील. दुधात पाणी किती, हेही एके काळी गवळ्याचे गुपितच होते.

मुंबई ग्राहक पंचायतीसारखी 1975 पासून काम करणारी संघटना या शहरात आहे. टॅक्सीचालकांच्या संघटना आहेत आणि त्यांच्याइतका गाड्यांचा अनुभव कोणत्याही अभियंत्याजवळ नसेल. या दोघांनी एकत्र येऊन या निकालांची मागणी माहितीच्या अधिकाराखाली प्रथम अंधेरी कार्यालयाकडे करावी. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.