खरेदी ग्राहकाची, किल्ली कंपनीची

वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपल्या मालकीची झाली, ही साधी समजूत आजच्या बाजाराने निकालात काढली आहे. लॅपटॉपचेच उदाहरण घ्यावे. पैसे ग्राहकाचे, वीजबिल ग्राहकाचे, यंत्रात साठवलेला मजकूरही ग्राहकाचाच. परंतु ते यंत्र कोणी उघडावे, त्यात कोणता भाग बसवावा आणि ते केव्हा भंगारात काढावे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र कंपनीचा! या व्यवहाराला खरेदी म्हणावे की कूळवहिवाट?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातील पाचोड हे धुळे-सोलापूर महामार्गावरचे, मोसंबीच्या बागांच्या पट्ट्यातील गाव. या भागात विहिरीवरची वीजमोटार जळाली, तर शेतकरी ती उचलून बाजारपेठेत नेतो. वाइंडिंगवाला ती त्याच्यादेखत उघडतो, जळालेली तार काढून नवी भरतो, बेअरिंग बदलतो आणि मोटार पुन्हा पाणी उपसू लागते. यात कोणताही चमत्कार नाही. तांब्याची तार आणि बेअरिंग बाजारात कोणालाही मिळते व मोटारीची रचना हे कोणाचे गुपित नाही, एवढेच त्यामागचे कारण.

आता याच शेतकऱ्याने मुलीच्या शिक्षणासाठी चाळीस-पन्नास हजारांचा लॅपटॉप घेतला आणि तो अर्ध्या तासाने आपोआप बंद पडू लागला, असे समजू. अधिकृत दुरुस्ती केंद्र शहरात, सुमारे पन्नास किलोमीटरवर. तेथे यंत्र पाच मिनिटे चालवून पाहिले जाते, आतील सर्व मजकूर पुसून प्रणाली नव्याने भरली जाते आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून ते परत दिले जाते. गावी आल्यावर अर्ध्या तासाने तोच प्रकार. पुन्हा एसटी, पुन्हा रांग, पुन्हा तोच शेरा. प्रत्येक खेपेला एका दिवसाचा रोजगार बुडतो, मुलीचा अभ्यास खोळंबतो आणि हमीची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. मुदत सरली की त्याच केंद्राला दोष तत्काळ सापडतो. मदरबोर्ड बदलावा लागेल, असे सांगून यंत्राच्या निम्म्या किमतीचा अंदाज हातावर ठेवला जातो.

वस्तुतः असा अधूनमधून प्रकटणारा दोष शोधणे ही अतींद्रिय विद्या नव्हे. यंत्र बॅटरीवर बंद पडते की चार्जरवर, थंड असताना की तापल्यावर, याची तारीखवार नोंद ठेवावी. पेनड्राइव्हवरील दुसऱ्या प्रणालीने ते चालवून पाहावे. तरीही बंद पडले, तर खोट बहुधा प्रणालीत नसून यंत्रात आहे. मग पंखा, मेमरी, डिस्क असा एकेक भाग तपासत जावे. तापल्यावर ताणला जाणारा सोल्डरिंगचा एखादा कच्चा सांधा थंड यंत्रात पाच मिनिटांत कसा सापडणार? गावचा हुशार कारागीर हे सारे करू शकतो. परंतु मंडलाचा नकाशा त्याला मिळत नाही, सुटा भाग विकला जात नाही आणि मेमरी अनेकदा बोर्डावरच डाखून टाकलेली असते. कारागीर अडाणी नाही. त्याला अडाणी ठेवले जात आहे.

सुट्या भागांवर व माहितीवर कंपनीचाच ताबा असला की काय होते, हे ॲपलच्या उदाहरणाने दाखवून दिले. २०१५ पासून या बलाढ्य कंपनीने लॅपटॉपमध्ये ‘बटरफ्लाय’ पद्धतीचा कळफलक बसविला. धुळीच्या कणाने कळा अडकू लागल्या. दुरुस्तीला दिलेल्या यंत्रांत पुन्हा त्याच पद्धतीचा कळफलक बसविला जाई, अशी ग्राहकांची तक्रार होती. २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील सामुदायिक दाव्यात पाच कोटी डॉलरांची तडजोड झाली. अर्थात दोष मान्य न करता! अमेरिकेच्या संघटित ग्राहकाला जे मिळवायला वर्षे लागली, ते पाचोडच्या एकट्या शेतकऱ्याने कसे मिळवावे?

कंपन्यांचे वकील सुरक्षिततेचा आणि बौद्धिक संपदेचा मंत्र म्हणतात. मोटारगाड्यांच्या कंपन्यांनीही हेच स्तोत्र म्हटले होते. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना नाकारल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण अपिलांत गेले. परंतु दुरुस्तीची अडवणूक ही मक्तेदारीचीच एक रीत आहे, हे त्या निर्णयाने नोंदवून ठेवले. मोटारीला जो न्याय, तो लॅपटॉपला का नसावा?

सरकार स्वस्थ बसले आहे असे नाही. ते समित्या नेमत आहे. २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती झाली, त्याच वर्षी संकेतस्थळ झाले. दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकाचा अहवाल दिला. त्यातील मेख अशी, की आपल्या वस्तूला गुण कंपनीनेच द्यायचे! परीक्षार्थीच्याच हाती गुणपत्रिका सोपविण्याचा हा प्रकार आहे. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर असा निर्देशांक छापणे सक्तीचे केले, तेथेही गुण उत्पादकच मोजतो. म्हणून स्वतंत्र तपासणीची आणि शिक्षेची तरतूद नसेल, तर निर्देशांक ही जाहिरातीचीच एक ओळ ठरेल.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक शस्त्र मात्र दिले आहे. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. म्हणून प्रत्येक खेपेची पावती मागून घ्यावी, तीवर दोष आपल्या शब्दांत लिहवून घ्यावा. दोन वर्षांच्या आत केलेल्या तक्रारीला हे कागदच दात देतात. परंतु एकेकट्याने भांडून मिळणारी भरपाई म्हणजे हक्क नव्हे. सुटे भाग, नकाशे व तपासणीची साधने वाजवी दरात कोणत्याही कारागिराला विकण्याची सक्ती, यंत्र दुरुस्तीत असेल तितके दिवस हमीची वाढ आणि तोच दोष तिसऱ्यांदा उद्भवल्यास यंत्र बदलून देण्याचे बंधन, हे कायद्यात आलेच पाहिजे.

१९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने मराठवाड्यात ‘संरक्षित कूळ’ हा शब्द आणला आणि कसणाऱ्याला जमीनदाराच्या मर्जीतून सोडविण्याची वाट काढली. तो हक्क जमीनदारांच्या दयाबुद्धीतून आला नव्हता. कंपन्यांच्या दयाबुद्धीतूनही काही येणार नाही. ज्याने पैसे मोजले त्याच्या हाती यंत्राची किल्ली यायची असेल, तर ग्राहकाला आणि कारागिराला ती एकत्र येऊन मागावी लागेल.